‘चोरी झाली’ एवढ्या शब्दावर विक्रेता सुटू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विदर्भ पानावर गेल्या महिन्यात एक लहान चौकट आली होती. क्रिप्टोकरन्सीसाठी लागणाऱ्या मायनिंग यंत्रांचा, म्हणजे दिवसरात्र हिशेब करून बिटकॉइनसारखे आभासी चलन मिळवणाऱ्या संगणकांचा, व्यापार करणाऱ्या एकाच्या गोदामातून लाखोंचा माल लंपास झाला, अशी ती बातमी होती. बातमी जेमतेम सहा ओळींची. तीत पोलीस ठाण्याचे नाव नव्हते, गुन्हा क्रमांक नव्हता, किती यंत्रे गेली याचा आकडा नव्हता, आणि जे काही होते ते सारे ‘व्यापाऱ्याने सांगितले’ एवढ्यावरच उभे होते. त्या चौकटीचे कात्रण आज माझ्यापुढे आहे, पण ते मी कापून ठेवलेले नाही. ज्याच्या गोदामात चोरी झाली म्हणतात, त्याच व्यापाऱ्याने त्याचा फोटो माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिले, ‘पेपरलाही आले आहे, आता तरी विश्वास ठेवा.’ छापील अक्षराला आमच्याकडे अजून मान आहे, आणि या वेळी तो मान कोणाच्या कामी आला हे आपल्या कानावर घालावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मी दारव्हा तालुक्यातील एका बाजारगावात सव्वीस वर्षे पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. क्रिप्टोकरन्सी हा माझा विषय नव्हे आणि तीत पैसे घालावेत की घालू नयेत हे सांगण्याचा मला अधिकारही नाही. माझ्या दुकानात जळालेली मोटार आली की आतली तांब्याची तार काढून गिऱ्हाइकासमोर काट्यावर तोलायची, वजन वहीत लिहायचे, आणि ती तार त्याला परत द्यायची किंवा तिचे पैसे मजुरीतून वजा करायचे, असा रिवाज आहे. तार चोरीला गेली असे मी कोणाला सांगितले, तर तो आधी माझी वही पाहायला मागेल, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. यंत्र विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही हीच वही मागितली जावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

जानेवारीत कापसाचे चुकारे हाती आल्यावर माझा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र यांनी मिळून एक लाख ऐंशी हजार रुपये उभे केले. एक पॉलिटेक्निक झालेला, एक बी. कॉम., तिसरा शेती करतो. नागपूरकडच्या एका विक्रेत्याची जाहिरात त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. अँटमायनर एस१९ प्रो या जातीची दोन वापरलेली यंत्रे, प्रत्येकी नव्वद हजारांना, घरी लावायची आणि यंत्रामागे महिन्याला वीस हजार मिळवायचे, असा तो सौदा होता. पैसे यूपीआयने हप्त्याहप्त्याने गेले. बिल म्हणून जे आले ते कोटेशन होते; त्यावर जीएसटी क्रमांकाची जागा होती, क्रमांक नव्हता. कापूस विकताना काट्याची पावती खिशात घातल्याशिवाय जिनिंगच्या फाटकाबाहेर न पडणारी ही पोरे मोबाइलवरच्या एका कागदाला कशी भुलली, याचे मला आजही नवल वाटते.

फेब्रुवारीच्या अखेरीस एकच खोके आले. पोरांनी ते माझ्या दुकानात आणून उघडले. आत दोन पंख्यांचे यंत्र निघाले, एक पंखा पुढे आणि एक मागे, आणि वीजपुरवठ्याचा डबा निराळा. आमच्या पॉलिटेक्निकवाल्याने मोबाइलमधली जाहिरात काढली. तिच्यातल्या यंत्राला चार पंखे होते आणि वीजपुरवठ्याचा भाग यंत्राच्या अंगालाच जोडलेला होता. वरचे लेबल मात्र एस१९ प्रोचेच होते. नखाने त्याचा कोपरा उचलला, तर खाली आधीच्या लेबलाचा वाळलेला डिंक दिसला. मी सवयीप्रमाणे यंत्र तांब्याच्या काट्यावर ठेवले, ते साडेतीन किलो भरले. एस१९ प्रो तेरा किलोंच्या वर भरते. मग मागचा पंखा काढून बॅटरी मारली. तीन हॅशबोर्ड, म्हणजे हिशेब करणाऱ्या चिपा बसवलेल्या तीन पाट्या असायला हव्या होत्या, तिथे दोनच होत्या. तिसरीच्या खाचेत धूळ बसली होती आणि तिच्याकडे जाणारी वायर रबराने गुंडाळून ठेवली होती. ते २०१६ साली बाजारात आलेल्या एस९ जातीचे यंत्र होते, आणि त्याचाही एक भाग कोणीतरी काढून घेतलेला होता. या सगळ्या व्यवहारात चोरी झाल्याचे मी स्वतःच्या डोळ्यांनी कुठे पाहिले असेल, तर ते त्या खाचेत.

एक गोष्ट आमच्या नंतर लक्षात आली. खोक्यावर कुरिअरची जी पावती चिकटवलेली होती तिच्यावर वजन सहा किलोंच्या आतबाहेर लिहिलेले होते. तेरा किलोंचे यंत्र सहा किलोंच्या खोक्यात मावत नाही. म्हणजे काय पाठवतो आहोत हे विक्रेत्याला पाठवतानाच ठाऊक होते, आणि तसा पुरावा त्याच्याच पैशांनी छापून आमच्या दारात आला होता. ती पावती आता आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. असे खोके कोणाकडे येणार असेल, तर त्याने ते उघडण्याआधी पावतीवरचे वजन वाचावे आणि उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे. बियाण्याची पिशवी फाडताना लेबल आणि बिल जपून ठेवायचे, हे बोगस बियाण्यांनी आपल्याला शिकवलेच आहे. त्यात नवे काही नाही.

पोरांनी फोन केल्यावर विक्रेता आधी गोड बोलला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे खोके चुकून तुमच्याकडे आले, पुढच्या खेपेत दोन्ही यंत्रे बदलून देतो, असे त्याने सांगितले. मार्च उजाडला आणि उत्तर बदलले. गोदाम फुटले, तुमची दोन्ही यंत्रे त्यात गेली, मी स्वतः देशोधडीला लागलो आहे, असे तो म्हणू लागला. पण नवी खेप मागवता येईल. विमा आणि कर मिळून यंत्रामागे नऊ हजार आणखी द्यावे लागतील. ज्याचे सर्वस्व चोरीला गेले त्याच्याकडे दोन दिवसांत नवा माल कुठून आला, हा प्रश्न त्या तिघांपैकी एकालाही पडला नाही, इतके ते घाबरलेले होते. एकाने तर पतसंस्थेत अर्ज भरायची तयारी केली होती.

मी पोरांना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या. गुन्हा क्रमांक काय, आणि चोरीस गेलेल्या यंत्रांचे अनुक्रमांक कोणते. अशा प्रत्येक यंत्रावर निर्मात्याने दिलेला स्वतंत्र क्रमांक असतो. व्यापारी सचोटीचा असेल तर त्याच्या खरेदीच्या कागदांतही तो असतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून हाताने लिहिलेल्या अर्जाचा फोटो आला, ज्यावर ना ठाण्याचा शिक्का होता ना आवक क्रमांक. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून आपल्या दैनिकातले ते कात्रण आले.

पोलिसांकडे दिलेला अर्ज आणि नोंदवलेला गुन्हा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीची खातरजमा घरबसल्या करता येते. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून ते पाहता येतात. पुतण्याने दोन रात्री बसून त्या शहरातील ठाण्यांची दोन महिन्यांची यादी चाळली. त्या व्यापाऱ्याच्या किंवा त्याच्या दुकानाच्या नावाने गोदामफोडीचा एकही गुन्हा त्याला दिसला नाही. आपल्या वार्ताहराने बातमी देण्याआधी हीच दोन रात्रींची मेहनत घेतली असती, किंवा ठाण्यात एक फोन केला असता, तर त्या चौकटीचे काय झाले असते हे मी सांगायला नको.

बरे, चोरी खरीच झाली असे क्षणभर धरून चालू. तरी नुकसान कोणाचे? माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १८ नुसार, विकायची वस्तू नेमकी कोणती हे ठरलेले नसेल तोपर्यंत तिची मालकी खरेदीदाराकडे जात नाही, आणि कलम २६ म्हणते की वेगळे काही ठरले नसेल तर जोखीम मालकीबरोबर चालते. बैलबाजारात व्यापाऱ्याने दहा गोऱ्ह्यांच्या दावणीकडे बोट दाखवून ‘यातला एक तुम्हाला देतो’ म्हणून पैसे घेतले, आणि रात्रीत एक गोऱ्हा चोरीला गेला, तर नेमका तो माझाच गोऱ्हा होता असे त्याला म्हणता येईल काय? दावणीला अजून नऊ उभे आहेत. अनुक्रमांक टाकून, यंत्र बाजूला काढून, ‘हे तुमचे’ असे कळवलेले नसताना ‘तुमचीच यंत्रे गेली’ म्हणणारा विक्रेता नेमके हेच करीत असतो. काही विक्रेते यंत्र गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतच नाहीत. आमच्याच शेडमध्ये ठेवतो, आम्हीच चालवतो, तुम्हाला दरमहा पैसे देतो, असे सांगतात. तिथे तर ‘चोरी’ आणखी सोयीची, कारण गिऱ्हाइकाने यंत्र पाहिलेलेच नसते. पण दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवणाऱ्याने ती, सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळील तितक्या काळजीने सांभाळली पाहिजे, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम १५१ सांगते, आणि तशी काळजी घेतली होती हे दाखवण्याची पाळी त्याच्यावर येते.

यंत्र विक्रेत्यांच्या या तऱ्हा आजच्या नाहीत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीने २०१२ पासून बिटकॉइनच्या यंत्रांसाठी आगाऊ पैसे घेतले. तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१४ साली तिच्यावर कारवाई केली, तेव्हा सप्टेंबर २०१३ पर्यंत वीस हजारांहून अधिक ग्राहकांना माल मिळालेला नव्हता, असे तक्रारीत नमूद होते. त्याहून बोलका आरोप असा की ग्राहकांच्या यंत्रांची चाचणी घेण्याच्या नावाखाली कंपनी त्यांच्यावर स्वतःसाठीच बिटकॉइन काढत होती. हे प्रकरण २०१६ मध्ये तडजोडीने मिटले. मायनिंगमध्ये उशिराला एवढे महत्त्व का, हे आपल्या भाषेत सांगतो. बिटकॉइनच्या जाळ्यात दर २,०१६ ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या वहीचे एक पान), म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, हिशेबाची अवघडता नव्याने ठरते. जगात यंत्रे वाढली की अवघडता वाढते आणि जुन्या यंत्राच्या वाट्याला येणारा तुकडा लहान होतो. शिवाय एकेक ब्लॉक जुळवणाऱ्याला मिळणारे बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मे होते. २००९ मध्ये ५० बिटकॉइन होते, ते २० एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आले आहे. तेव्हा जानेवारीत पैसे घेऊन जूनमध्ये यंत्र देणारा माणूस मृग उलटून गेल्यावर बियाण्याची पिशवी आणून देणाऱ्यासारखा आहे. पिशवी दिली हे खरे, पण पेरणीची वेळ त्याने खाल्ली.

त्याच अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या गॉ मायनर्स या कंपनीने आधी यंत्रे विकली, मग यंत्रांऐवजी यंत्रांच्या ताकदीचे वाटे विकले, आणि जेवढी ताकद तिच्याकडे नव्हतीच तेवढीही विकून टाकली. तिचा प्रमुख होमेरो गार्झा याला सप्टेंबर २०१८ मध्ये २१ महिन्यांची कैद झाली. आपल्याकडील गेनबिटकॉइन ही गुंतवणूक योजनाही याच मार्गाने गेली. महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असे आश्वासन मायनिंगच्या नावावर दिले गेले. पुण्याप्रमाणे नांदेडलाही गुन्हे दाखल झाले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभरात साठहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. या तपासात मदतीसाठी घेतलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांना आरोपींच्याच खात्यांतील बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली होती. कुंपणच शेत खाते म्हणतात, त्याला याहून ताजे उदाहरण मला तरी सुचत नाही.

खऱ्या चोऱ्या होतच नाहीत असे मला म्हणायचे नाही. आइसलँडमध्ये २०१७ चा डिसेंबर आणि २०१८ चा जानेवारी या काळात मायनिंगचे सुमारे सहाशे संगणक चोरीला गेले. त्या वेळी तेथील पोलिसांनी इंटरनेट पुरवठादार, गाळे भाड्याने देणारे आणि इलेक्ट्रिशियन यांनाही विचारपूस केली होती, कारण चोरलेली यंत्रे कुठेतरी लावली गेली तर विजेचा भार अचानक वाढणार. माझ्यासारख्या वायरी ओढणाऱ्या माणसाला हे वाचून बरे वाटले. खरी चोरी झाली की असा माग निघतो. नोंद होते, मोजणी होते, क्रमांक फिरवले जातात, आरोपी पकडले जातात, माल सापडो न सापडो. नुसती ‘चोरी झाली’ म्हणणाऱ्याच्या मागे यातले काहीही नसते.

आता थोडे माझ्याबद्दल. खोके येण्याच्या आठवडाभर आधी पोरांनी मला शेतातल्या खोलीपर्यंत तार ओढून द्यायला सांगितले, आणि मी स्टार्टरच्या पेटीतून ती ओढून दिली. सातशे रुपये मजुरी घेतली, कशासाठी हे नीट विचारले नाही. विक्रेत्याने त्यांना सांगितले होते की घरच्या मीटरवर परवडणार नाही, शेतीपंपाच्या जोडणीवर लावा, साडेसात अश्वशक्तीपर्यंतची वीज आता सरकारनेच फुकट केली आहे. ती सवलत एप्रिल २०२४ पासून आहे हे खरे, पण ती पाण्यासाठी आहे. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर वीज अधिनियम, २००३ याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि हेतू लबाडीचा ठरला तर कलम १३५ खाली तो वीजचोरीचाच गुन्हा होतो. यंत्रच लबाडीचे निघाले म्हणून ते तिथे लावले गेले नाही आणि मी दुसऱ्या दिवशी तार काढून आणली. पण विक्रेत्याच्या या सल्ल्यात केवढी हुशारी आहे ते पाहावे. गिऱ्हाइकाने एकदा शेतीच्या विजेवर यंत्र लावले की ते ठाण्याची पायरी चढणार नाही, कारण पंचनाम्याला आलेला माणूस आधी तारच पाहील. कोणी विक्रेत्याला चोर म्हणण्याआधी त्याने गिऱ्हाइकालाच चोर करून ठेवलेले असते.

सौदा खरा असता तरी काय हाती लागले असते, याचाही हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. एस१९ प्रो ३,२५० वॅट घेते, म्हणजे जवळजवळ साडेचार अश्वशक्तीची मोटार दिवसरात्र चालू ठेवल्यासारखे. महिन्याचे २,३४० युनिट होतात. घरगुती दराच्या वरच्या टप्प्यांत युनिट दहा रुपयांच्या पुढेच जाते, तरी दहाच धरले तर बिल २३,४०० रुपये. जगभरच्या जाळ्याची ताकद ८०० एक्साहॅश (हे हिशेबाच्या वेगाचे माप; एका एक्साहॅशमध्ये दहा लाख टेराहॅश) आणि बिटकॉइनचा भाव ८५ लाख धरला, तर ११० टेराहॅशच्या या यंत्राच्या वाट्याला महिन्याला पंधरा-सोळा हजार येतात. त्यावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे आणि त्यातून यंत्राचा किंवा विजेचा खर्च वजा होत नाही. शिवाय आमच्या हाती आलेले एस९ यंत्र चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चालायचे म्हणून बनवलेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि शेतीपंपाची वीज पाळीने आठ तास. हे गणित करायला दहावीचे शिक्षण पुरते. पण वीस हजारांचा आकडा ऐकल्यावर पेन कोण उचलतो?

पोलीस ठाण्यातला अनुभव थोडक्यात सांगतो. पोरे गेली तेव्हा पहिल्या टेबलावर त्यांना सांगितले गेले की क्रिप्टो बेकायदेशीर आहे, तक्रार केली तर तुम्हीच अडकाल. आणि दुसऱ्या टेबलावर सांगितले गेले की हा दिवाणी मामला आहे. पहिली गोष्ट चुकीची आहे. बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. सरकार या उत्पन्नावर कर घेते. मायनिंगचे यंत्र विकत घेणे हा गुन्हा ठरवणारा कायदा मला कोणी दाखवलेला नाही. दुसरी गोष्ट अर्धवट आहे. माल द्यायला निव्वळ उशीर झाला तर वाद दिवाणी असू शकतो, पण लेबल बदलून, सहा किलोंचे खोके तेरा किलोंचे म्हणून पाठवणाऱ्याचा हेतू पहिल्या दिवसापासूनच फसवणुकीचा होता, आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, आणि ठाण्याने नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आम्ही ती रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावरही फोन केला, पण पैसे जाऊन सहा आठवडे उलटले होते. तो फोन त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात करायचा असतो, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवता येतात.

ठाण्यातून परत येताना पुतण्या मला म्हणाला, ‘काका, पैसे तं गेलेच, आता गावात इज्जतही जाईन.’ यंत्र विकणाऱ्यांचा धंदा या एका वाक्यावर चालतो असे मला वाटते. आमच्या तालुक्यातच आणखी दोघांनी मला हळू आवाजात हेच सांगितले, आणि दोघांनीही तक्रार केलेली नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता पुष्कळांना ठाऊक नसतो म्हणून लिहितो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेता म्हणणार की तुम्ही धंद्यासाठी यंत्र घेतले, तुम्ही ग्राहकच नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, असे त्याच कायद्यातील स्पष्टीकरण आहे. कापसाच्या पैशातून तिघा बेरोजगारांनी मिळून घेतलेली दोन यंत्रे यात बसतात की नाही, ते आयोग ठरवील. आमची तक्रार यवतमाळला दाखल झाली आहे.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे. ती चौकट ज्या पानावर, ज्या जागी आली होती, तिथेच हेही छापावे की त्या कथित चोरीचा गुन्हा क्रमांक आजवर कोणी दाखवू शकलेले नाही. आणि यापुढे कोणा विक्रेत्याच्या गोदामात चोरी झाल्याची बातमी आली, तर तिच्यात ठाण्याचे नाव, गुन्हा क्रमांक आणि चोरीस गेलेल्या मालाचे अनुक्रमांक पोलिसांना दिले आहेत की नाहीत, या तीन गोष्टी असाव्यात. त्यासाठी फार तर दोन ओळी जास्त लागतील. आमचे यंत्र अजून माझ्या दुकानातल्या वरच्या फळीवर आहे. लेबलाचा उचललेला कोपरा तसाच ठेवला आहे आणि तिसऱ्या खाचेतली धूळही पुसलेली नाही. आपल्या वार्ताहराला सोमवार सोडून कोणत्याही दिवशी पाठवावे, सोमवारी आमच्याकडे बाजार असतो. त्याच्यासमोर ते काट्यावर ठेवून दाखवतो.

आपला विश्वासू,
एक मोटार रिवाइंडिंग कारागीर,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे)